अठरा इंचांची भिंत

२००८ च्या मार्चमध्ये आम्ही नारायण पेठेतल्या एका विटांच्या घराची मोजणी केली आणि त्याच वर्षी दिवाळी झाल्यावर ते घर पाडलं. मधल्या काळात नकाशे पूर्ण झाले, प्रती निघाल्या, घरमालकीण काकूंना एक संच निळ्या फायलीत घालून दिला आणि कामाचा हिशेब मिटला. निदान आम्हाला तसं वाटलं.

घर कुणाचं, गल्ली कोणती, हे लिहीत नाही. काकू आता नाहीत, पण बाकीची मंडळी आहेत आणि त्यांच्या वाटण्यांच्या गोष्टी चारचौघांत याव्यात असं त्यांना वाटणार नाही. नदी तिथून हाकेच्या अंतरावर होती. तीन बिऱ्हाडं भाड्याने होती, त्यातल्या एकाचं भाडं महिना अडतीस रुपये. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठवलेलं भाडं आणि दर पावसाळ्यात गळणारं छप्पर यांची तोंडमिळवणी होत नाही. पेठांतली कितीतरी घरं याच गणितात गेली. बिल्डरशी करार झाला होता. महापालिकेच्या वारसा यादीत घराचं नाव नव्हतं आणि ते घालावं असं कुणी सुचवलंही नव्हतं. काकूंचा पुतण्या आमच्या सरांकडे आला आणि म्हणाला, "पाडण्याआधी आठवण म्हणून नकाशे काढून द्याल का?" सरांनी होकार दिला. फी अशी की रिक्षा आणि चहा भागावा. मी तेव्हा ऑफिसात चार वर्षं मुरलेली होते. मदतीला आर्किटेक्चर कॉलेजातली दोन पोरं दिली, एक मुलगा आणि एक मुलगी.

पहिला दिवस नुसता धुळीचा. दुसऱ्या दिवशी घर किती साली बांधलं यावर वाद. काकूंच्या थोरल्या दिरांचं म्हणणं, घर १८६५ चं. पुरावा? छपराचं कौल. त्यांनी माळ्यावरून एक मंगलोरी कौल काढून आणलं आणि उलटं करून दाखवलं. त्यावर बॅसल मिशनचं नाव आणि १८६५ हा आकडा साच्यातून उठलेला. तो आकडा कौलाचा नाही, कारखान्याचा आहे. बॅसल मिशनने मंगलोरला कौलांचा कारखाना काढला ते साल १८६५, आणि पुढे कित्येक वर्षं निघालेल्या कौलांवर तेच छापत राहिले. त्या छपराखाली वाढलेल्या दोन पिढ्यांनी कारखान्याचा जन्म आपल्या घराचा म्हणून मानला होता. दिरांना हे सांगितल्यावर ते नाराज झाले आणि दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. मात्र कौलाने एक उपयोगी गोष्ट सांगितली. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि नंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, म्हणजे मूळ छप्पर बहुधा युद्धाच्या आधीचं.

खरं साल दारावरच होतं. मुख्य दाराच्या गणेशपट्टीवर तेलकट काजळीचा थर होता. विद्यार्थिनीने ओल्या फडक्याने हलकेच पुसलं तेव्हा गणपतीच्या उजव्या अंगाला 'शके १८३३' अशी अक्षरं निघाली. म्हणजे १९११-१२. काकू म्हणाल्या, "आमच्या सासूबाई म्हणायच्या, दिल्ली दरबाराच्या साली वास्तुशांत झाली." दरबार डिसेंबर १९११ चा. जुळलं. पुढच्या खोलीच्या छतात चार लोखंडी तुळया होत्या. त्यांच्या पोटावर 'डॉर्मन लाँग' आणि 'इंग्लंड' एवढं रंगाच्या थरांखालूनही वाचता येत होतं. साकचीला टाटांचं पहिलं पोलाद १९१२ मध्ये ओतलं गेलं. हे लोखंड त्याआधीचं, बोटीने आलेलं.

हे घर धड वाडा नव्हतं आणि धड बंगलाही नव्हतं. गल्लीतून पाहिलं तर नव्या जमान्याचं. अडीच फूट काळ्या घडीव दगडाचं जोतं, त्यावर गिलावा न केलेली लाल वीट, खिडक्यांवर चपट्या कमानी, वरच्या मजल्याला बिडाच्या कठड्याची गॅलरी, छपराच्या कडेला लाकडी झालर. आत शिरलं की जुनं पोट. ओसरी, मग अकरा फूट बाय नऊ फुटांचा एवढासा चौक, त्यात तुळस, पलीकडे माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मोरी. पुढच्या खोलीला लोखंडी तुळया आणि त्यांच्यामध्ये विटांच्या डाटा. मागच्या सगळ्या खोल्यांना सागाच्या तुळया आणि कडीपाट. घरमालकाने पाहुण्यांच्या डोक्यावर विलायत ठेवली आणि घरच्यांच्या डोक्यावर साग. मला ही वाटणी आवडली. एका घरात दोन काळ राहतात आणि भांडत नाहीत, असं पुण्यात तेव्हा खूप घरांत झालं असणार.

प्रत्येक खोलीत छताखाली हातभर अंतरावर दोन दोन झरोके होते. जुन्या वाड्यांत एवढे झरोके सहसा दिसत नाहीत. पुण्यातला प्लेग १८९७ चा, घर त्यानंतर चौदा वर्षांनी उभं राहिलं. ज्यांनी बांधलं त्यांचा सख्खा भाऊ प्लेगात गेला होता, असं काकू सांगत. घरात हवा खेळली पाहिजे, हे तेव्हा डॉक्टरपासून म्युन्सिपालटीपर्यंत सगळे घोकत होते, आणि ते घोकणं इथे भिंतीत चौकोनी भोकं होऊन बसलं होतं. नंतरच्या बिऱ्हाडकरूंनी त्यातली निम्मी वर्तमानपत्रं कोंबून बुजवली होती. चिमण्या येतात म्हणून.

विटा मोजायची एक रीत आहे. एक वीट मोजून उपयोग नसतो, भट्टीत प्रत्येक वीट थोडी वेगळी आकसते. दहा रद्दे, म्हणजे विटांचे दहा थर, मोजायचे आणि दहाने भागायचं. इथे दहा रद्दे साडेतेहेतीस इंच भरले. वीट नऊ इंच लांब, सव्वाचार रुंद, तीन जाड, आणि मध्ये चुन्याचा बारीक सांधा. शनिवारवाड्याच्या तटाची पातळ, चपटी वीट ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना ही वीट वेगळ्या घराण्यातली वाटेल. ही इंग्रजी अमदानीतली, बांधकाम खात्याच्या मापाची वीट. रचनाही त्याच वळणाची. एका रद्द्यात विटा लांबीने, वरच्या रद्द्यात सगळ्या रुंदीने, म्हणजे विटेचं टोक बाहेर आणि अंग भिंतीत. याला इंग्लिश बाँड म्हणतात आणि कॉलेजात पहिल्याच वर्षी तो घोटून घेतात. दोन मजल्यांच्या मध्ये गवंड्याने एक दातेरी पट्टी घेतली होती, विटा कोनात तिरक्या लावून. सकाळी नऊ वाजता ऊन गल्लीत उतरलं की पट्टीखाली सावलीची नागमोडी किनार पडायची, दहा मिनिटांत जायची. एलिव्हेशन काढताना ती पट्टी मी तीनदा खोडून काढली. एवढी मेहनत घेतल्याचा अभिमान होता, म्हणून सांगते. चूक दुसरीकडे झाली.

भिंतीची जाडी दारं-खिडक्यांत मोजतात. खाली अठरा इंच. वर गेलो, वरही अठरा इंच. पुन्हा मोजली, तीच. समजूतदार गवंडी वरच्या मजल्याची भिंत अर्ध्या विटेने कमी करतो, खाली अठरा तर वर साडेतेरा. वर छपराशिवाय ओझं नाही, मग तेवढी वीट घालायची कशाला? विद्यार्थ्याने विचारलं, "मॅडम, वर इतकी जाड का?" मी म्हणाले, "पैसा असेल मालकाकडे." आणि सेक्शन, म्हणजे घराचा उभा छेद, काढताना दोन्ही मजल्यांच्या भिंतीत पक्क्या वीटकामाच्या तिरक्या रेघा मारल्या, एकसारख्या, पायापासून छपरापर्यंत.

त्याच आठवड्यातली गोष्ट. वरच्या खोलीत पातळी घ्यायला भिंतीवर सुतळी ताणायची होती, म्हणून खिळा ठोकत होतो. खिळा दोन इंच सरळ गेला आणि मग लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. बाहेर काढला तर भोकातून भुरभुर पिवळट माती. सुतळी काही टिकेना. काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, वरच्या भिंतीला खिळा धरतच नाही. माती येते नुसती. माझ्या लग्नातला फोटोसुद्धा खुंटीला टांगलाय. आणि खाली ठोकशील तर खिळा वाकेल." मी हसले. म्हणाले, "गिलावा जुना झाला की असंच होतं, काकू." विद्यार्थी फील्ड बुकात काहीतरी खरडत होता. मी सुतळी खिडकीच्या गजाला बांधली आणि काम पुढे चालू ठेवलं.

गिलावा जुना झाला की माती येत नाही, चुना येतो. पांढरा. हे मला ठाऊक होतं.

जिना चौकाच्या कडेला होता, सागाचा, अरुंद, चौदा पायऱ्या, प्रत्येक नऊ इंच उंच. सातव्या पायरीच्या बाजूला भिंतीवर पेन्सिलीची आडवी रेघ आणि तिच्यावर '१२-७-६१'. पानशेतचा पूर. काकूंचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. त्या दिवसाबद्दल त्या फार बोलत नसत. एवढंच सांगितलं की नेसत्या कपड्यांनिशी गल्लीच्या वरच्या अंगाला पळालो, आणि परत आलो तेव्हा घरात पोटरीभर गाळ होता नि गाळात देवघरातला बाळकृष्ण उभाच्या उभा होता. रेघ मामंजींनी ओढली, पाणी ओसरल्यावर उरलेल्या डागावरून. आम्ही मोजली. जमिनीपासून पाच फूट तीन इंच. जोत्याचे अडीच फूट धरले तर गल्लीत पावणेआठ फूट पाणी.

"आजूबाजूचे दोन वाडे बसले," काकू म्हणाल्या. "बसले म्हणजे, पाणी उतरल्यावर खाली बसले. ढेकूळ पाण्यात टाकल्यावर बसतं तसे. आपलं राहिलं. नुसती स्वयंपाकघराची भिंत गेली."

स्वयंपाकघराची मागची भिंत पुरानंतर पुन्हा बांधलेली होती, ते दिसतच होतं. सिमेंटचे करडे सांधे, वीट थोडी लहान, आणि जुन्या भिंतीला जिथे ती मिळते तिथे वरून खालपर्यंत केसाएवढी भेग. दरवर्षी भरायची, दरवर्षी उघडायची. आम्ही ती नकाशात नीट दाखवली. घर पुरात का टिकलं, हे मात्र आम्ही विचारलं नाही. पक्क्या विटांचं होतं, म्हणून टिकलं, यात विचारण्यासारखं काय?

दसऱ्यानंतर पुतण्याचा फोन आला. पाडकामवाला घर पाहायला येणार आहे, तुम्हाला काही फोटो राहिले असतील तर या. पेठांतली जुनी घरं पाडायला पैसे द्यावे लागत नाहीत, उलट मिळतात. पाडकामवाला घराची किंमत करतो, म्हणजे त्यातल्या सागाची, लोखंडाची, कौलांची, फरशांची आणि विटांची, आणि तेवढी रक्कम मालकाला देऊन माल स्वतः उचलतो. मी गेले. मुकादम पन्नाशीचा, डोक्याला मफलर, हातात पाऊण वाव लांबीची पहार. बरोबर कागद नाही, पेन नाही, टेप नाही. त्याने खालच्या भिंतीवर पहारीचं बूड आपटलं. ठण्ण. पुढे गेला, पुन्हा आपटलं. ठण्ण. जिना चढला. वरच्या भिंतीवर आपटलं. आवाज आलाच नाही. गादीवर धपाटा मारावा तसं काहीतरी झालं. तीन खोल्यांत मिळून त्याने पाच-सहा ठिकाणी आपटलं असेल. तुळयांना अंगठ्याचं नख लावून पाहिलं, कौलं खालूनच पाहिली. वीस मिनिटांत खाली उतरून त्याने आकडा सांगितला.

पुतण्याला आकडा कमी वाटला. तो मला म्हणाला, "ताई, विटांचा हिशेब तुमच्याकडे आहे ना?" होता. दोन्ही मजल्यांचं वीटकाम मी ब्रासमध्ये काढून ठेवलं होतं. मुकादम म्हणाला, "मॅडम, मी खालच्याच विटा धरल्यात. वर माती हाय. माती कोण घेतंय?"

मी फाइल उघडली. सेक्शनचं पान काढून त्याच्यासमोर धरलं. अठरा इंच, पक्कं वीटकाम, तिरक्या रेघा. त्याने पान हातात घेतलं, उलटं-सुलटं पाहिलं आणि परत दिलं.

"कागद लई भारी काढलाय," तो म्हणाला.

व्यवहार त्याच्याच आकड्यावर ठरला.

पाडकाम सुरू झालं तेव्हा मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून जायला लागले. सरांना सांगितलं, फोटो काढायला जाते. खरं म्हणजे मला पाहायचं होतं कोण बरोबर ते. गल्लीत जेसीबी शिरणं शक्य नव्हतं, त्यामुळे सगळं हातानेच, आणि बांधलं त्याच्या बरोबर उलट क्रमाने. आधी कौलं उतरवली, एकेक, माणसांची साखळी करून. मग रीप, वासे, आढं. मग वरची भिंत.

वरच्या भिंतीच्या डोक्यावरचा चुन्याचा थर उडवला आणि भिंत वरून दिसली, पुस्तकाची पानं वरून दिसावीत तशी. बाहेरच्या अंगाला लाल पक्क्या विटांची एकच कड. तिच्या आत मातीच्या रंगाच्या, न भाजलेल्या विटा, चिखलात बसवलेल्या. सगळ्यात आत गिलाव्याचा पाऊण इंच पांढरा पदर. अठरा इंचांतले साडेचार इंच पक्के, बाकी कच्चे. म्हणून तर भिंत वर जाऊनही बारीक झाली नव्हती. कच्च्या विटेला जाडी लागते. मालकाकडे पैसा होता म्हणून नव्हे, नव्हता म्हणून ती जाड होती.

मग एक गोष्ट लक्षात आली आणि मी खाली वाकून पाहायला लागले. इंग्लिश बाँडमध्ये ज्या रद्द्यात विटेचं टोक बाहेर दिसतं, त्या रद्द्यातली वीट नऊ इंच आत गेलेली असते. इथे ती साडेचार इंचांतच संपत होती. गवंड्याने विटा मधोमध फोडून अर्ध्या लावल्या होत्या. बाहेरून टोक तेवढं दिसतं, मागे वीट आहे की नाही हे कुणाला कळणार? सहा-सहा रद्द्यांनी एकदा मात्र त्याने पूर्ण विटांची ओळ घातली होती, आतल्या कच्च्या भिंतीत घुसणारी, म्हणजे बाहेरची कड सुटून गल्लीत पडू नये. नेमकी तेवढीच. त्याहून एकही जास्त नाही. खालच्या मजल्याच्या सांध्याची रेघ वर तशीच चालू राहिली पाहिजे, गल्लीत उभं राहून पाहणाऱ्याला घर एकसंध दिसलं पाहिजे, आणि भट्टीचा खर्च निम्म्यावर आला पाहिजे, या तीन अटी त्याने एका वेळी पाळल्या होत्या. सर याला फसवणूक म्हणतात. मी म्हणत नाही. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.

बिगारी मुलं वरची भिंत पायाने लोटत होती. पहारीचीही गरज नव्हती. कच्ची वीट पडून फुटली की आत खापरांचे तुकडे, कोळशाचे कण, कुठे कुठे भाताचं तूस दिसायचं. एका फुटलेल्या विटेत हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा होता, नखाएवढा. जमिनीतून नवी खणून काढलेली माती अशी नसते. आधीच्या कुठल्यातरी घराच्या भिंतींची, पांढरीची माती पुन्हा मळून त्या विटा थापलेल्या असणार. १९११ च्या घराच्या पोटात त्याच जागेवरचं आधीचं घर असावं, असं मी धरून चालले. तो तुकडा मी रुमालात बांधला आणि पुढे रुमाल धुतला गेला तेव्हा हरवला.

वरचा मजला तीन दिवसांत गेला. मुकादमाने खालच्याला चार दिवस धरले होते, लागले नऊ. खालच्या भिंती अठरा इंच आरपार पक्क्या विटांच्या, चुन्यात. चुन्यात सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घातलेली, म्हणून सांध्यांना गुलाबी झाक. रद्द्यातून वीट सुटायला पहारीचे चार-चार घाव लागत. पण सुटली की अख्खी सुटायची. दोन बायका सावलीत बसून विटा साफ करत होत्या. लोखंडी पट्टीने दोन बाजूंनी टोले दिले की चुन्याची खपली पडे आणि वीट पुन्हा भट्टीतून आल्यासारखी. चुना विटेला सत्त्याण्णव वर्षं धरून होता, पण त्याने वीट खाल्ली नव्हती. स्वयंपाकघराच्या १९६१ च्या भिंतीची गत उलटी. तिथे सिमेंट विटेपेक्षा कडक. घाव घातला की सांधा राहायचा आणि वीट दुभंगायची. त्या भिंतीची एकही वीट विकली गेली नाही, सगळी राडारोड्यात गेली.

मी जिन्याकडे गेले. जिना आदल्या दिवशीच उतरवला होता, पण मामंजींची पेन्सिलीची रेघ भिंतीवर होती. तिच्याखाली पक्की वीट, तिच्यावरही छतापर्यंत पक्की वीट. कच्ची वीट सुरू होत होती ती वरच्या मजल्याच्या जमिनीपासून, रेघेच्या पाच फूट वर. पाणी आणखी पाच-सहा फूट चढलं असतं तर हे घरही ढेकळासारखं बसलं असतं. गवंड्याने नदीचा विचार केला होता की नुसता वजनाचा, हे भिंत सांगत नाही. मला वाटतं, वजनाचाच. खाली दोन मजल्यांचं ओझं, म्हणून पक्की. वर फक्त कौलं, म्हणून कच्ची. पाणी त्याच्या हिशेबात योगायोगाने बसलं.

विटा मुळशीकडे कुणाच्यातरी फार्महाउसला गेल्या. साग टिंबर मार्केटमध्ये. रंगीत काचांची दोन तावदानं पुढच्या रविवारी जुन्या बाजारात मला स्वतःला दिसली. भाव ऐकून पुढे गेले. गणेशपट्टी काकूंनी देऊ दिली नाही. त्यांच्या फ्लॅटमध्ये ती सहा फुटांची पट्टी दाराला लावायला जागा नव्हती, म्हणून पॅसेजमध्ये भिंतीला टेकवून उभी ठेवली होती. शके १८३३ वाचायचं तर मान वाकडी करायला लागायची.

ऑफिसात परत येऊन मी फील्ड बुकं काढली. सेक्शन दुरुस्त करायचं तर जुने आकडे लागणार होते. चौथ्या दिवसाच्या पानावर, वरच्या खोलीच्या मापांच्या बाजूला समासात विद्यार्थ्याच्या अक्षरात लिहिलेलं सापडलं: 'काकू म्हणतात – वर खिळा ठोकला की माती. खाली वाकतो.' शेजारी त्याने एक हसरा चेहरा काढला होता. म्हणजे भिंतीचा खरा सेक्शन मार्चपासून आमच्याच कपाटात पडून होता.

नवीन पान काढलं. खाली इंग्लिश बाँड आरपार, वर साडेचार इंची कड, मध्ये मध्ये आत जाणाऱ्या विटा, बाकी ठिपके. खाली टीप दिली: 'मोजणी मार्च २००८. वरच्या भिंतीची रचना नोव्हेंबर २००८ मध्ये पाडताना पाहिली.' काकूंना ते पान नेऊन दिलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. ठिपक्यांवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही माती ना?" मी हो म्हणाले. त्या आत जाऊन चहा टाकायला लागल्या.

तेव्हापासून जुन्या घराच्या मोजणीला गेले की टेप काढायच्या आधी घरच्यांना विचारते, खिळा कुठे धरतो आणि कुठे धरत नाही. पण खिळ्यानेही सगळं कळत नाही. तेव्हा ज्यांच्या पेठेतल्या घराचा करार झालेला आहे त्यांना एक विनंती आहे. आम्हाला पाडण्याच्या आधी बोलवाच, पण कौलं उतरतील त्या दिवशी पुन्हा फोन करा. वरची भिंत वरून दिसते तो एकच दिवस असतो. टेप, वही, हेल्मेट आम्ही आमचं आणू, आणि त्या दिवसाचे पैसे घेत नाही.